डॉ. सांकळिया आणि काळाचे मोजमाप

गोदावरीच्या काठी वसलेले नाशिक हे महाराष्ट्रातील अत्यंत प्राचीन नगर होय. पांडवलेण्यांतील शिलालेख जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजांची व दानशूर व्यापाऱ्यांची नावे आजही सांगत आहेत. परंतु त्या लेखांच्याही पूर्वी या काठावर कोण राहत होते? ते काय पिकवीत होते व कसल्या घरांत निजत होते? आणि मुख्य म्हणजे, ते किती वर्षांपूर्वी होऊन गेले? शिलालेख या प्रश्नांचे उत्तर देत नाहीत, कारण त्या लोकांना लिहिणे ठाऊक नव्हते. ज्यांनी आपल्याविषयी एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही, त्यांचा इतिहास त्यांच्या पायांखालच्या मातीलाच विचारावा लागतो. महाराष्ट्राच्या मातीला हा प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीने विचारणारे थोर संशोधक म्हणजे डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया.

डॉ. सांकळिया यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबई येथे एका गुजराती कुटुंबात झाला. लहानपणी त्यांची प्रकृती फार नाजूक होती. पुढे हाच मुलगा उन्हातान्हात नद्यांचे काठ पायी तुडवील, असे त्या वेळी कोणासही वाटले नसते. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या हाती एक पुस्तक आले. वैदिक आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ असावे, हा लोकमान्य टिळकांचा सिद्धान्त त्यात गुजराती भाषेत सांगितलेला होता. टिळकांनी वेदांचा काळ ठरविण्यासाठी आकाशातील नक्षत्रांच्या स्थितीचा आधार घेतला होता. एखादी गोष्ट किती जुनी आहे हे केवळ श्रद्धेने किंवा तर्काने न ठरविता गणिताने ठरविता येईल, ही कल्पना त्या कोवळ्या मनात खोल रुजली. आपणही संस्कृत व गणित यांचा अभ्यास करावयाचा आणि प्राचीन काळाचा शोध घ्यावयाचा, असा त्यांनी निश्चय केला.

मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात त्यांना फादर हेरास यांच्यासारखे इतिहासाचे व्यासंगी गुरू लाभले. नालंदा येथील प्राचीन विद्यापीठावर त्यांनी प्रबंध लिहिला व एम. ए. ची पदवी मिळविली. त्यांनी कायद्याचीही परीक्षा दिली. परंतु वकिलीच्या मार्गाने ते गेले नाहीत. पुढील अभ्यासासाठी ते लंडनला गेले आणि गुजरातेतील पुरातत्त्वावरील प्रबंधाबद्दल १९३६ साली त्यांना लंडन विद्यापीठाची पीएच. डी. ही पदवी मिळाली.

विलायतेत असताना त्यांना मिळालेला सर्वांत मोलाचा धडा मात्र पुस्तकातील नव्हता. डॉर्सेट परगण्यात मेडन कॅसल या नावाच्या प्राचीन टेकडीवर मॉर्टिमर व्हीलर हे उत्खनन करीत होते. त्या उत्खननात सांकळियांनी भाग घेतला. जमीन कशी खणावी, हे त्यांनी तेथे पाहिले. गाव एका जागी शेकडो वर्षे नांदत असते, तेव्हा पडलेली घरे, राख, खापरे व केरकचरा यांचे थर एकावर एक साचत जातात. खालचा थर आधीचा, वरचा थर नंतरचा. म्हणून खणताना एकेक थर वेगळा ओळखावयाचा, त्यातील प्रत्येक वस्तूवर थराचा क्रमांक घालावयाचा आणि कोणतीही वस्तू दुसऱ्या थरात मिसळू द्यावयाची नाही, अशी ही शिस्त होती. जो हे पथ्य पाळीत नाही तो इतिहास शोधीत नाही, तर त्याचा नाश करतो. कारण एकदा खणलेली जमीन पुन्हा पूर्वीसारखी रचता येत नाही.

१९३९ साली पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून नव्याने सुरू झाले. त्याच वर्षी डॉ. सांकळिया तेथे प्राध्यापक म्हणून आले आणि पुढील सारे आयुष्य त्यांनी त्या संस्थेलाच वाहिले. विद्यार्थ्यांसह ते गावोगाव हिंडू लागले. गुजरातेत लांघणज येथे अश्मयुगातील माणसांच्या वसतीचा शोध घेताना मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी त्यांच्याबरोबर काम केले. महाराष्ट्रात गोदावरी, प्रवरा, घोड अशा नद्यांच्या काठांचा त्यांनी कसून धांडोळा घेतला. नदी पावसाळ्यात दरडी कापते व जमिनीच्या पोटातील थर उघडे करते. ज्याला पाहण्याची दृष्टी आहे, त्याच्यासाठी नदी स्वतःच उत्खनन करून ठेवीत असते! नाशिकच्या पश्चिमेस गंगापूरजवळ गोदावरीच्या पात्रालगतच्या दगडगोट्यांच्या थरांत त्यांना आदिमानवाने घडविलेल्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. गोदावरीच्या खोऱ्यात फार फार प्राचीन काळापासून माणूस वावरत होता, याचा तो पुरावा होता.

एका टोकाला दगडी हत्यारे वापरणारा आदिमानव आणि दुसऱ्या टोकाला लेणी कोरविणारे सातवाहन राजे! या दोन टोकांच्या मध्ये महाराष्ट्रात काय घडले, हे त्या वेळी जवळजवळ अज्ञात होते. तो दुवा शोधण्यासाठी १९५०-५१ साली डॉ. सांकळिया व त्यांचे सहकारी डॉ. शांताराम भालचंद्र देव यांनी नाशिक आणि जोर्वे या दोन ठिकाणी उत्खनन केले.

नाशिकमध्ये गोदावरीच्या काठी मातीचे एक उंच टेकाड आहे. लोक त्याला जुनी गढी किंवा मातीची गढी म्हणतात. असली टेकाडे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आढळतात. तेथील माती राखेच्या व चुन्याच्या अंशामुळे पांढुरकी दिसते, म्हणून खेडूत तिला पांढरी म्हणतात व खत म्हणून शेतात नेऊन टाकतात. ती माती म्हणजे नाहीशा झालेल्या गावाचे अवशेष असतात, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. गढीवर चर खणण्यात आले. वरच्या थरांत मराठेशाहीच्या व मुसलमानी अमलाच्या काळातील वस्तू मिळाल्या. त्याखाली सातवाहनकाळातील खापरे निघाली. आणखी खाली गेल्यावर आरशासारखी चकचकीत अशी काळी खापरे दिसू लागली. मौर्यांच्या काळाच्या आसपास अशी भांडी उत्तर हिंदुस्थानात वापरीत असत. आणि अगदी तळाशी, जेथून पुढे माणसाचा मागमूस लागत नाही अशा जमिनीवर, गारगोटीच्या जातीच्या दगडाची बारीक धारदार पाती व रंगविलेल्या भांड्यांचे तुकडे सापडले.

संगमनेरजवळ प्रवरेकाठी असलेल्या जोर्वे गावीही तशाच रंगीत भांड्यांचे अवशेष मिळाले. त्याबरोबर तांब्याच्या सपाट कुऱ्हाडीही मिळाल्या. ही भांडी फार सुबक होती. तांबूस पृष्ठभागावर काळ्या रंगाने रेघांची नक्षी काढलेली, चांगली भाजलेली, टिचकी मारली असता धातूसारखा नाद करणारी. काही भांड्यांना लांब तोटी होती. दगड व तांबे ही दोन्ही वापरणारे, शेती करणारे व मडकी घडविणारे लोक महाराष्ट्रात नांदत होते, हे आता सिद्ध झाले. जोर्वे गावाच्या नावावरून पुढे त्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती असे नाव मिळाले.

परंतु एक मोठी उणीव राहिली. थर क्रम सांगतात, वर्षे सांगत नाहीत. रंगीत खापरांचे लोक मौर्यांच्या आधी होऊन गेले, हे थरांवरून निश्चित होते. पण किती आधी? शंभर वर्षे की हजार वर्षे? नाण्यावर राजाचे नाव असते, त्यावरून काळ ठरविता येतो. या लोकांपाशी नाणी नव्हती. दूरदेशीच्या भांड्यांशी तुलना करून अंदाज बांधता येत असे. परंतु अंदाज तो अंदाजच. एक विद्वान एक आकडा सांगे, दुसरा दुसरा सांगे, आणि दोघांपैकी खरा कोण, हे ठरविणारा पंच कोणी नव्हता.

तो पंच त्याच सुमारास दूर अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जन्म घेत होता. डॉ. सांकळियांच्या जन्मानंतर अवघ्या सात दिवसांनी, १७ डिसेंबर १९०८ रोजी, अमेरिकेत विलर्ड लिबी या शास्त्रज्ञाचा जन्म झाला होता. शिकागो विद्यापीठात रसायनशास्त्राचे संशोधन करीत असता लिबी व त्यांचे सहकारी यांनी १९४९ साली एक नवी रीत जगापुढे मांडली. प्राचीन कोळशाचे अथवा लाकडाचे वय प्रयोगशाळेत मोजण्याची ती रीत होती. या शोधाबद्दल लिबी यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ही रीत समजण्यास फारशी कठीण नाही. कार्बन हे मूलद्रव्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. कोळशात ते असते, लाकडात असते, धान्यात व आपल्या शरीरातही असते. परंतु कार्बनचे सर्व अणू एकाच वजनाचे नसतात. शंभरांतील जवळजवळ नव्व्याण्णव अणूंचे वजन १२ असते. शंभरांत सुमारे एकाचे वजन १३ असते. रासायनिक गुण तेच, वजन मात्र निराळे, अशा या भावंडांना समस्थानिक असे म्हणतात. ही दोन भावंडे स्थिर आहेत. ती हजारो वर्षे जशीच्या तशी राहतात. तिसरे भावंड अत्यंत दुर्मीळ आहे. त्याचे वजन १४ असून हवेतील सुमारे एक लक्ष कोटी कार्बन-अणूंमध्ये असा एखादाच अणू सापडतो. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणात शिरतात, त्यांच्या परिणामाने नत्रवायूपासून हा कार्बन-१४ सतत तयार होत असतो. तो अस्थिर असतो आणि सावकाश मोडून पुन्हा नत्रवायू बनतो.

झाड जिवंत असेपर्यंत हवेतून कार्बन घेते, त्याबरोबर कार्बन-१४ चाही वाटा त्याला मिळत राहतो. झाड तोडले की ही आवक बंद पडते. मग आत साठलेला कार्बन-१४ हळूहळू घटू लागतो. सुमारे ५७३० वर्षांनी तो निम्मा उरतो. कोठाराची आवक बंद झाल्यावर उरलेल्या धान्यावरून किती दिवस लोटले हे सांगता यावे, तसाच हा प्रकार आहे. तीन हजार वर्षांपूर्वी तोडलेल्या लाकडात मूळ कार्बन-१४ पैकी सुमारे सत्तर टक्के शिल्लक असतो. तो मोजता आला की वय कळले!

डॉ. सांकळिया यांनी या नव्या शास्त्राचे महत्त्व ओळखले. नाशिकच्या उत्खननाच्या वेळी भारतात अशी एकही प्रयोगशाळा नव्हती. परंतु १९५४ ते १९५६ या काळात प्रवरेकाठी नेवासे येथे त्यांनी उत्खनन केले, तेव्हा पाहण्याची दृष्टीच बदलली होती. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच गावाजवळच्या लाडमोड नावाच्या टेकाडाच्या पोटात जोर्वे संस्कृतीचे गाव झोपलेले होते. तेथे मातीच्या कुंभांत पुरलेली लहान मुले आढळली. एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती व त्या मण्यांत ओवलेल्या धाग्याचा अंशही टिकून राहिला होता. कोणा मातेने ती माळ ओवली असेल! ती माता कोणत्या काळी होऊन गेली, हे सांगण्याचे सामर्थ्य माळेत नव्हते. ते सामर्थ्य चुलीतील विझलेल्या कोळशात होते.

पूर्वी उत्खननात कोळसा निघाला तर तो मातीबरोबर फेकून दिला जात असे. आता सोन्यापेक्षाही त्याला जपावे लागे. कोळसा बोटांनी उचलावयाचा नाही. स्वच्छ सुरीने किंवा चिमट्याने उचलावयाचा. तो कोणत्या थरात, किती खोल व कशाजवळ सापडला, हे तत्काळ लिहून ठेवावयाचे. त्यात वरून उतरलेले गवताचे मूळ किंवा उंदराच्या बिळातून आलेली नवी माती नाही ना, हे पाहावयाचे. तीन हजार वर्षांच्या कोळशात दहावा हिस्सा आजचा कार्बन मिसळला, तर त्याचे वय साडेतीनशे वर्षांच्या आसपास कमी भरते. म्हणजे एका मुळाच्या दुर्लक्षाने एका राजघराण्याइतका काळ इतिहासातून गळून पडावयाचा! प्रयोगशाळा कितीही चांगली असली, तरी चुकीचा कोळसा दिल्यास ती चुकीचेच उत्तर देणार. म्हणून खणणाऱ्याची काळजी आणि मोजणाऱ्याची काळजी या दोन्हींची येथे सारखीच गरज असते.

नेवाशाचा कोळसा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासण्यात आला. तेथून आलेले वय इसवी सनापूर्वी सुमारे १२५० वर्षे असे होते. अर्थात शंभरसव्वाशे वर्षे अलीकडे किंवा पलीकडे. नर्मदेच्या काठी महेश्वरासमोर असलेल्या नावडाटोली येथेही डॉ. सांकळियांनी उत्खनन केले होते. तेथील कोळशांची वये त्याहूनही मागे गेली. अशा रीतीने, ज्याचे नावही कोणास ठाऊक नव्हते असे महाराष्ट्राचे आद्य शेतकरी गौतम बुद्धाच्याही शेकडो वर्षे आधी येथे नांदत होते, हे प्रथमच आकड्यांनी सिद्ध झाले. नाशिकच्या गढीच्या तळाशी सापडलेल्या रंगीत खापरांच्या लोकांनाही त्यामुळे काळाच्या ओघात आपली जागा मिळाली.

यानंतर लवकरच ही सोय खुद्द महाराष्ट्रात झाली. डॉ. होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांचा अभ्यास चालत असे. तेथे मुंबईत कार्बन-१४ मोजण्याची प्रयोगशाळा उभी राहिली. देवेंद्र लाल, शीला कुसुमगर, धर्मपाल अग्रवाल इत्यादी संशोधकांनी तेथे काम केले. १९६३ पासून तिने मोजलेल्या वयांच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. पुढे १९७० नंतरच्या दशकात हे काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले.

अशा प्रयोगशाळेत कोळशाच्या तुकड्याचा प्रवास मोठा मनोरंजक असतो. प्रथम त्यातील मुळे व खडे वेचून काढतात. नंतर तो सौम्य आम्लात उकळतात, म्हणजे मातीतून त्यात शिरलेला चुना विरघळून जातो. मग तो अल्कलीत धुतात, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा अंश निघून जातो. पुन्हा आम्लाने व शुद्ध पाण्याने धुऊन तो वाळवितात. त्यानंतर तो काचेच्या किंवा तशाच पक्क्या नळीत ठेवून प्राणवायूच्या प्रवाहात जाळतात. कोळशाचा कार्बन डायऑक्साइड वायू होतो. हा वायू काचेच्या लांबलचक नळ्यांच्या जाळ्यातून नेतात. त्या नळ्यांतील हवा पंपाने आधीच काढून टाकलेली असते. वाटेत अतिशीत द्रवांत बुडविलेल्या नळ्या असतात. तेथे पाण्याची वाफ गोठून मागे राहते व शुद्ध वायू पुढे जातो. मोजणीला अधिक सोयीचा असा दुसरा वायूही त्यापासून तयार करता येतो.

हा वायू शेवटी गणित्र नावाच्या धातूच्या नळकांड्यात भरतात. कार्बन-१४ चा अणू मोडला की त्यातून एक सूक्ष्म कण बाहेर पडतो आणि गणित्र त्याची नोंद करते. पण या नोंदी फार थोड्या असतात. ताज्या लाकडातील एक ग्रॅम कार्बनमध्ये मिनिटाला केवळ तेरा-चौदा अणू मोडतात. याउलट आकाशातून येणारे किरण सतत गणित्रावर आदळत असतात. बाजारातील कोलाहलात एखाद्याचे कुजबुजणे ऐकावे, तसे हे कठीण काम! म्हणून गणित्राभोवती लोखंडाच्या जाड पाट्यांची भिंत रचतात. तीतूनही जे किरण आत शिरतात, त्यांना ओळखण्यासाठी सभोवती पहारेकऱ्यांप्रमाणे आणखी गणित्रे ठेवतात. पहारेकरी गणित्र व आतील गणित्र यांनी एकाच क्षणी नोंद केली, तर तो बाहेरचा पाहुणा समजून सोडून द्यावयाचा. इतके करूनही मोजणी पुष्कळ तास चालू ठेवावी लागते. आणि शेवटी जे उत्तर मिळते, त्यापुढे इतकी वर्षे कमी किंवा अधिक, असे प्रामाणिकपणे लिहिलेले असते. आपल्याला किती माहीत नाही, हेही शास्त्र मोजून सांगते.

कार्बनच्या स्थिर भावंडांचेही या कामी साहाय्य होते. मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रात वायूच्या रेणूंना विद्युत्भार देऊन प्रबळ चुंबकाजवळून धावावयास लावतात. हलके रेणू अधिक वळतात, जड रेणू कमी वळतात. शर्यतीत वळणावर हलकी गाडी आणि जड गाडी यांची वाट निराळी पडावी, तसे ते वेगळे होतात व निरनिराळ्या पेल्यांत जमा होतात. एका ठरलेल्या नमुन्याशी पुनःपुन्हा तुलना करून कार्बन-१३ चे प्रमाण हजारात एका अंशाहूनही सूक्ष्म अशा अचूकतेने ठरविता येते. लिबी ज्या शिकागो विद्यापीठात होते, तेथेच हॅरल्ड युरी व त्यांचे सहकारी यांनी प्राचीन शिंपल्यांतील प्राणवायूचे समस्थानिक असेच मोजून लक्षावधी वर्षांपूर्वीच्या समुद्राचे उष्णतामान काढून दाखविले.

या मोजणीचा महाराष्ट्रातील शेताशीही निकटचा संबंध आहे. गहू, जव व भात ही पिके हवेतून कार्बन घेताना जड अणूंना बरेचसे वगळतात. ज्वारी व बाजरी त्यांना तितकेसे वगळीत नाहीत. म्हणून बाजरीच्या दाण्यात कार्बन-१३ व कार्बन-१४ ही दोन्ही गव्हापेक्षा किंचित अधिक असतात. ही गोष्ट लक्षात न घेता जुन्या बाजरीच्या दाण्याचे वय काढले, तर ते दोनशे वर्षांच्या आसपास कमी येईल. कार्बन-१३ मोजून ही चूक दुरुस्त करता येते. इतकेच नव्हे, तर माणूस जे खातो त्याची खूण त्याच्या हाडांतही उतरते. एखादा मनुष्य आयुष्यभर मुख्यतः ज्वारी-बाजरीची भाकरी खात होता की गहू-भात खात होता, हे त्याच्या हाडांतील स्थिर कार्बनवरून हजारो वर्षांनंतर ओळखता येते!

अशा शास्त्रांशी मैत्री केल्यामुळे डॉ. सांकळियांच्या हाताखालील पुरातत्त्व विभागाचे स्वरूपच पालटले. केवळ नाणी आणि मूर्ती गोळा करणारा तो विभाग राहिला नाही. प्राण्यांची हाडे, जळालेले धान्य, माती, धातू या सर्वांची परीक्षा करणारे तज्ज्ञ एकत्र येऊन काम करू लागले. याचे उत्तम फळ पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगाव येथे मिळाले. १९६८ ते १९८३ पर्यंत तेथे उत्खनन चालले. एका संपूर्ण प्राचीन खेड्याचा जीवनक्रम त्यातून उलगडला. तेथील वसती इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत टिकून होती, हे कोळशांच्या मोजणीने ठरले. आधीच्या काळात तेथे चौकोनी, प्रशस्त घरे होती. नंतरच्या काळात लहान, गोल झोपड्या दिसू लागल्या. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पर्जन्यमान घटले व लोकांना हलाखीचे दिवस आले, असे अनुमान संशोधकांनी त्यावरून काढले. वर्षे ठाऊक नसती तर सुबत्ता केव्हा होती व दुष्काळ केव्हा आला, हे सांगणे अशक्य झाले असते.

विज्ञान स्वतःच्या घड्याळाचीही परीक्षा घेत असते. हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळी अगदी सारखे नव्हते, असे पुढे दिसून आले. जुन्या वृक्षांच्या खोडातील वर्षावर्षाची वलये मोजून त्या प्रमाणाचा तक्ता तयार करण्यात आला. त्या तक्त्याप्रमाणे दुरुस्ती केली असता नेवाशासारख्या ठिकाणांची वये आणखी सुमारे शंभर वर्षे मागे सरकतात. अशा प्रत्येक नव्या निष्कर्षाबरोबर जुनी मते तपासून पाहावी लागतात. भारताच्या प्रागितिहासावरील आपला मोठा ग्रंथ डॉ. सांकळियांनी १९६० नंतरच्या दशकात प्रसिद्ध केला होता. दहाबारा वर्षांतच नव्या माहितीचा एवढा साठा झाला, की १९७४ साली त्यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. आपण एकदा लिहिले म्हणून तेच खरे, असा हट्ट त्यांनी धरला नाही. पुराव्यापुढे मान लवविण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

१९७३ साली ते सेवानिवृत्त झाले, तरी डेक्कन कॉलेजच्या परिसरातच राहून त्यांनी लेखन व मार्गदर्शन चालू ठेवले. १९७४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब देऊन गौरविले. महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाविषयी त्यांनी मराठीतही ग्रंथलेखन केले. २८ जानेवारी १९८९ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी तयार केलेले विद्यार्थी देशभर उत्खननाचे काम करीत राहिले.

नाशिकची जुनी गढी, जोर्व्याचे टेकाड आणि नेवाशाची पांढरी यांना डॉ. सांकळियांच्या आधीही हजारो लोकांनी पाहिले होते. खापराचे तुकडे पायांखाली तुडविले गेले होते आणि कोळसा मातीत मिसळून गेला होता. त्या क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूंचे मोल ओळखून त्यांनी त्या नीट जपल्या व योग्य परीक्षकाच्या हाती दिल्या. ज्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत, अशा महाराष्ट्राच्या आद्य शेतकऱ्यांना, कुंभारांना आणि मातांना त्यामुळे इतिहासात स्थान मिळाले. मूठभर कोळशासाठी घेतलेल्या श्रमांचे हे फळ होय.